रविवार मिळाला, तास राहिले

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं कर्मचाऱ्यांपुढचं एक बोलणं समाजमाध्यमांवर फिरलं. आठवड्याला नव्वद तास काम करावं असं ते सांगत होते, आणि रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते, असंही. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, अशा अर्थाच्या त्यांच्या एका वाक्यावर पुढे आठवडाभर विनोद झाले. त्या गर्दीत हिशेब मांडायचा राहून गेला. नव्वद तास म्हणजे सातही दिवस, रोज जवळजवळ तेरा तास. १८८० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांमधला कामगार उजाडल्यापासून अंधारेपर्यंत उभा असायचा, तो साधारण एवढाच वेळ. म्हणजे अध्यक्षांनी नवं काही मागितलं नव्हतं. त्यांच्या कंपनीचं मुख्यालय बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. तिथून टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासावर, परळ-महालक्ष्मीच्या पट्ट्यात, या शहराने रविवार कमावला होता.

तो कसा कमावला हे आपण शाळेत दोन ओळींत उरकतो: नारायण मेघाजी लोखंडे, १० जून १८९०, रविवारची सुट्टी. २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण त्या दोन ओळींच्या आधीची सहा वर्षं जास्त बोलकी आहेत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले, आणि १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ चालवणारे संपादक. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तेव्हा त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा होती आणि महिन्याला चार सुट्ट्या होत्या. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल अवाक्षर नव्हतं. १८८४ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही कामगार संघटना त्याच सुमाराची.

या अर्जात काय मागितलं होतं ते पुन्हा वाचण्यासारखं आहे. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा जायबंदी झाला तर पोटापाण्याची सोय. रविवार पहिला आहे खरा, पण एकटा नाही. दिवसाची लांबीही त्याच कागदावर आहे. सुट्टीचा वार आणि कामाचे तास या दोन्ही गोष्टी एकाच दमात मागायच्या असतात, एवढी समज त्या अर्जात आहे. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ती वरचेवर सुटत गेली.

मालकांचं म्हणणं असं, की हिंदूंना सणावारांच्या सुट्ट्या मुबलक आहेत, शिवाय कामगार मनात येईल तेव्हा खाडे करतातच. मग रविवार वेगळा कशाला? आणि रविवारी यंत्रं साफ कोण करणार? लोखंड्यांनी यावर रविवार हा खंडोबाचा वार असल्याचं उत्तर दिलं, असं सांगितलं जातं. गिरणीत आलेला घाटावरचा आणि कोकणातला मराठा-कुणबी कामगार डोळ्यांपुढे आणला की हे उत्तर नुसतं चतुर नव्हतं हे कळतं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन गिरणी कामगार बायका त्या सभेत बोलल्या. त्यांची नावं पाठ्यपुस्तकांपर्यंत आलेली नाहीत. १० जूनला गिरणीमालक संघाने रविवार मान्य केला आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. बायकांना रोजची अकरा तासांची, मुलांना सात तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषाच्या तासांना मर्यादा नाहीच.

आणि मग वीज आली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे लागले, आणि सूर्यास्त या शब्दाला गिरणीत काही अर्थ उरला नाही. काही ठिकाणी दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. रविवार शाबूत होता, उरलेले सहा दिवस फुगले. त्या साली मुंबईत याविरुद्ध संप झाले, दंगेही झाले. कायद्याने गिरण्यांमधल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली ती १९११ मध्ये. १९२० च्या मोठ्या संपानंतर मालकांनी दहा तास मान्य केले. १९२२ ला आठवड्याची मर्यादा साठ तास, १९३४ ला चोपन्न, आणि १९४६ ला अठ्ठेचाळीस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तोच आकडा कायम केला. रविवार मिळाल्यापासून छप्पन्न वर्षांत आपण अठ्ठेचाळीसवर पोचलो आणि त्यानंतरच्या जवळजवळ ऐंशी वर्षांत कायद्यातला हा आकडा एका तासानेही खाली आलेला नाही. यंत्रं बदलली, गिरण्यांच्या जागी मॉल आले, हातातली कागदपत्रं फोनमध्ये गेली. आकडा तोच.

०

‘पाच दिवसांचा आठवडा झाला की’ असं कुणी म्हणेल. झाला. केंद्र सरकारच्या कार्यालयांना राजीव गांधींच्या काळात, १९८५ मध्ये. महाराष्ट्राच्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना उद्धव ठाकरे सरकारच्या निर्णयाने २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी होती, ती सगळ्या शनिवारांना मिळाली. (नशीब असं, की महिना होतो न होतो तोच टाळेबंदी लागली, आणि या प्रयोगाने काय साधलं हे घरून केलेल्या कामाच्या ढिगाखाली गेलं.)

सरकारने निर्णयासोबत दिलेला हिशेब मला फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. आधी वर्षाला कामाचे दिवस २८८, रोज सव्वासात तास, एकूण २,०८८ तास. आता कामाचे दिवस २६४, रोज आठ तास, एकूण २,११२ तास. म्हणजे सुट्ट्या चोवीस वाढल्या आणि कामाचे तासही चोवीस वाढले. वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. शिपायांना साडेनऊ ते साडेसहा. राज्याच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली सुट्टी कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या वेळातून, वर थोडं व्याज देऊन विकत घेतली. वर्षाचे तास होते तेवढेच ठेवायचे असते तर रोज साडेपाच मिनिटं कमी करून भागलं असतं. तेवढीही सरकारला सोडवली नाहीत. कर्मचारी आरामात, जनता रांगेत, अशी टीका होणार हे ठाऊक असल्याने ते चोवीस तास ढालीसारखे पुढे धरले गेले असावेत, असा माझा तर्क आहे.

तरीही हा निर्णय लोकांना आवडला, आणि त्याला कारण आहे. मंत्रालयातला माणूस बदलापूरला राहत असेल तर सीएसएमटीपर्यंत अडुसष्ट किलोमीटर. लोकलचा दीड तास, दोन्हीकडचं चालणं, रिक्षा, गाडीची वाट बघणं धरून एका दिशेला दोन तास कुठे जात नाहीत. चोवीस शनिवार सुटले म्हणजे त्याचे वर्षाकाठी शंभरच्या आसपास तास प्रवासातून सुटले, आणि तेही चौथ्या सीटवर अर्धं टेकून किंवा दारात लटकून काढायचे तास. सलग दोन दिवसांत गावी जाऊन येता येतं, आईला डॉक्टरकडे नेता येतं, लग्न गाठता येतं. सलग सुट्टीची किंमत तासांच्या बेरजेत पकडता येत नाही हे खरंच आहे. पण त्याच बदलापूरच्या माणसाचा कामाचा दिवस सकाळी पावणेआठपासून रात्री सव्वाआठपर्यंत पसरतो. ते पाच दिवस शनिवारी भरून निघतात का, हे कुणी मोजलेलं नाही. निर्णयात ‘कार्यक्षमता’, विजेची बचत, वाहनांच्या इंधनाची बचत वगैरे होतं. झोप नव्हती.

आणि पोलीस, अग्निशमन, सरकारी दवाखाने, पाणीपुरवठा, शाळा-महाविद्यालयं या सगळ्यांना हा आठवडा लागू नव्हता. म्हणजे ज्यांचं काम अंगावर येणारं आहे, त्यातले बरेचसे बाहेर.

बँकांची गाडी याच फाट्यावर अडली आहे. १ सप्टेंबर २०१५ पासून त्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला. उरलेल्या शनिवारांसाठी संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी समझोता केला, त्यात रोज चाळीस मिनिटं जास्त काम करायची तयारी लिहून दिली. सरकारची मंजुरी लटकत राहिली. मागणारा स्वतःच जादा वेळ देऊ करतो, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

०

बाहेरच्या देशांतल्या बातम्या आपल्याकडे येतात त्या ‘चार दिवसांचा आठवडा’ अशा मथळ्याने. मथळ्याखाली मात्र दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. बेल्जियमने २०२२ मध्ये कामगाराला चार दिवसांचा आठवडा मागण्याचा हक्क दिला, पण तास तेवढेच. पाच दिवसांचं काम चार दिवसांत कोंबायचं. आपल्या मंत्रालयाचंच मोठं भावंड म्हणायचं.

आइसलँडचं प्रकरण वेगळं. २०१५ ते २०१९ या काळात रेक्याविक महापालिका आणि तिथलं सरकार यांनी अडीच हजारांवर कर्मचाऱ्यांचा आठवडा चाळीस तासांवरून पस्तीस-छत्तीसवर आणला, पगाराला हात न लावता. एक टक्क्याहून जास्त कामकरी लोकसंख्या त्यात होती, आणि नुसत्या टेबलावरच्या नोकऱ्या नव्हत्या; बालवाड्या, रुग्णालयं, पोलीस ठाणीही होती. बैठका आखूड केल्या, काही बंदच केल्या, पाळ्या नव्याने बांधल्या. ताण कमी झाला, काम बहुतेक ठिकाणी तेवढंच किंवा जास्त झालं. २०२१ मध्ये हा अहवाल जगभर गाजला तेव्हा ‘आइसलँडमध्ये चार दिवसांचा आठवडा’ असं छापून आलं. प्रत्यक्षात नंतरच्या देशव्यापी करारांत खासगी क्षेत्रातल्या अनेकांना आठवड्याला फक्त पस्तीस मिनिटांची कपात मिळाली, सरकारीत पासष्ट मिनिटांची. पाळीत काम करणाऱ्यांना त्याहून बरीच जास्त. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते: जिथे शरीर झिजतं तिथे आधी कात्री.

ब्रिटनमध्ये २०२२ च्या जून ते डिसेंबरमध्ये एकसष्ट कंपन्या आणि सुमारे २,९०० माणसं घेऊन मोठा प्रयोग झाला. पगार शंभर टक्के, वेळ ऐंशी टक्के. शेवटी छप्पन्न कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवायचं ठरवलं. ७१ टक्के कर्मचाऱ्यांनी थकून पिचून जाणं कमी झाल्याचं सांगितलं, आजारपणाच्या रजा ६५ टक्क्यांनी घटल्या. आकडे देखणे आहेत, पण या कंपन्या स्वतःहून पुढे आल्या होत्या, आणि बऱ्याच लहान होत्या हे धरून वाचायला हवेत. मायक्रोसॉफ्टच्या जपान शाखेने ऑगस्ट २०१९ मध्ये शुक्रवार बंद ठेवून माणशी विक्रीत चाळीस टक्के वाढ दाखवली. ते तर एका महिन्याचं. नव्या नवरीचा महिना कुठल्याही घरात बरा जातो.

त्यापेक्षा जुलै २०२५ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेविअर’ या शोधपत्रिकेत वेन फॅन, ज्युलिएट शोर आणि सहकाऱ्यांनी छापलेला अभ्यास वजनदार आहे. सहा देशांतल्या १४१ संस्था, २,८९६ कर्मचारी, शिवाय आठवडा न बदलणाऱ्या बारा कंपन्या तुलनेला. सहा महिन्यांत मानसिक आणि शारीरिक आरोग्य, कामातलं समाधान सुधारलं. हे अपेक्षितच होतं. महत्त्वाचं पुढे आहे. ज्यांचे तास आठवड्याला आठ किंवा त्याहून जास्त उतरले, त्यांच्यातला फरक सगळ्यात मोठा. सुधारणेच्या मुळाशी काय, हे शोधलं तेव्हा सापडलं ते साधं: झोप नीट लागू लागली, थकवा उतरला, आणि आपण काम पेलू शकतो असं वाटू लागलं. फायदा तासांच्या कपातीच्या मापाने वाढत गेला, आणि तास तेवढेच ठेवून दिवस घटवणारा आठवडा या तपासणीत नव्हताच.

आता सत्तर तासांकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं. योगायोग असा, की सत्तर या आकड्याची परीक्षा शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत, जिथे बहुतांश बायका काम करत, तास आणि उत्पादन यांच्या नोंदी सरकारी समितीने ठेवल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेंकव्हेल यांनी २०१४ मध्ये त्या नोंदी पुन्हा तपासल्या. पन्नासच्या आसपास तासांपर्यंत तास वाढले तसं काम वाढलं. पुढे प्रत्येक तासाची मिळकत घसरत गेली. सत्तर तासांत जे झालं ते छप्पन्न तासांतल्यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. आणि रविवार रद्द केला की आठवड्याच्या उत्पादनाला फटका बसत होता. लोखंड्यांना हा कागद सुपारीबागेत मिळाला असता तर मालकांपुढे ठेवता आला असता. मिळाला असता तरी मालकांनी मानला असता का, हा प्रश्न निराळा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेला अंदाज असा: आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. २०१६ या एका वर्षात जगभर या कारणाने ७,४५,००० मृत्यू. भारतात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक आठवड्याला एकोणपन्नास किंवा त्याहून जास्त तास राबतात, असं मजूर संघटनेची आकडेवारी सांगते. अठ्ठेचाळीसची मर्यादा निम्म्या देशासाठी आधीच कागदावर आहे.

०

अशा वेळी ३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या दुकानांत आणि आस्थापनांत ती नऊवरून दहा. कारखान्यांत तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. आठवड्याची अठ्ठेचाळीसची मर्यादा तशीच, असं बजावून सांगितलं गेलं, आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल असंही. समर्थकांचा मुद्दा असा, की चार दिवस बारा-बारा तास भरले की तीन दिवस मोकळे.

कागदावर गणित जुळतं. चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार ठेकेदाराने पुढे केलेल्या कागदावर सही करायला नकार देईल, असं ज्याला वाटतं त्याने एकदा तिथल्या गेटवर पाळी सुटताना उभं राहावं. बाराव्या तासाला यंत्रावरचा हात कसा चालतो, हा मुद्दा मंजुरीच्या बातम्यांत मला दिसला नाही. तमिळनाडूने असंच विधेयक एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलं आणि ओरड झाल्यावर कामगार दिनाला मागे घेतलं. आपल्याकडे तेवढी ओरडही झाली नाही. ज्या शहराने १९०५ मध्ये दिव्यांविरुद्ध रस्ता धरला, त्याच शहरात.

कामाचा दिवस लांबला की त्याचा भार घरात कुणाच्या वाट्याला येतो, हे केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं. बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष ८८ मिनिटं, आणि हे फक्त घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचं. बाकीचे या सरासरीत नाहीतच. फरक आठवड्याला साडेतेवीस तासांच्या घरात जातो. तेव्हा सव्वासहाला कचेरी सुटणाऱ्या कारकून बाईचा शनिवार म्हणजे साचलेले कपडे, दळण, निवडणं-टिपणं आणि आठवडी बाजार. तिला शनिवार नको असं मी म्हणत नाही. तो नसता तर हे सगळं रविवारी झालं असतं, आणि रविवार उरला नसता. पण तिला रोजची ती पंचेचाळीस मिनिटं परत हवीत की शनिवार, असं २०२० मध्ये कुणी विचारायला हवं होतं.

फोनने तर कचेरीची वेळच पुसली. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे हिंजवडीत रात्री दहाला अमेरिकेशी कॉल लागतच राहणार.

या सगळ्या चर्चेत इचलकरंजी, भिवंडी, मालेगावचे यंत्रमाग सहसा येत नाहीत. तिथे बारा तासांची पाळी ही जुनीच रीत आहे, तिला कुठल्या सुधारणेची वाट पाहावी लागली नाही. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. मजुरी विणलेल्या मीटरवर, म्हणजे माग बंद तर हात रिकामा. या कामगारासाठी आठवडा छोटा करायचा तर आधी मीटरमागचे पैसे वाढवावे लागतील, एवढे की आठ तासांत बारा तासांचा दाम सुटेल. आइसलँडच्या प्रयोगातली ‘पगाराला हात न लावता’ ही अट तिथे पैशांत अशी मांडावी लागते. इचलकरंजीत मजुरीवाढीची बोलणी वर्षानुवर्षं मीटरमागच्या पैशांवरच चालत आली आहेत. तास किती, हा विषय अजून टेबलावर यायचा आहे.